जुनाट वेदना आणि चटईवरचा व्यायाम

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत आम्ही वर्षभराच्या कामाचा आढावा घेतो. किती बाह्यरुग्ण तपासले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती रुग्णांना सवलत दिली, हे सारे आकडे पुढील पानांवर छापलेले आहेत व आपण ते सवडीने पाहालच. आज मात्र अध्यक्षांच्या अनुमतीने आम्ही एकाच गोष्टीविषयी बोलणार आहोत. बाह्यरुग्ण विभागामागील सभागृहात आठवड्यातून दोन दुपारी जुनाट पाठदुखी, कंबरदुखी व मानदुखीच्या रुग्णांसाठी एक व्यायामवर्ग भरतो. तेथे ना यंत्र आहे, ना औषध. जमिनीवर चटया अंथरलेल्या असतात आणि त्यांवर माणसे निजलेली असतात. दारातून डोकावणाऱ्याला ही मंडळी वामकुक्षी घेत आहेत असेच वाटावे. आमच्या एका जुन्या हितचिंतकांनी तसे विचारलेही होते.

हा विषय निवडण्याचे कारण वैद्यकीय नाही. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, वैद्यक आमचा प्रांत नव्हे. कारण हिशेबाचे आहे. आमच्या वार्षिक तक्त्यात 'बरे झालेले रुग्ण' असा एक रकाना आहे. या वर्गासमोर त्या रकान्यात काय लिहावे, हे आम्हाला उमगेना. तो रकाना यंदा आम्ही कोरा ठेवला आहे. देणगीदारांच्या पैशातून चालणाऱ्या कामाचा रकाना कोरा का, याचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.

आधी रुग्ण कोण, ते सांगितले पाहिजे. आपले हे गाव यंत्रमागाचे. आठ-आठ, कधी बारा-बारा तास मागापुढे उभे राहणारे कामगार, वाकून वहिफणी भरणारे, कांडी मशीनवर बसणाऱ्या बाया, सुताची पोती उचलणारे हमाल यांच्या कंबरेचे दुखणे आपल्याला नवे नाही. त्यांच्या जोडीला शिलाई मशीनवर मान मोडणाऱ्या गृहिणी, एसटीचे चालक आणि आमच्यासारखे खुर्चीला चिकटलेले कारकून. यांपैकी बहुतेकांचे दुखणे विश्रांतीने व चार गोळ्यांनी जाते. काहींचे जात नाही. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र जुनाट वेदना म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ साली अमलात आली, तिच्यात अशा वेदनेला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. म्हणजे वेदना हे दुसऱ्या आजाराचे केवळ लक्षण नसून काही वेळा ती स्वतःच आजार असते, ही गोष्ट आता कागदोपत्री मान्य झाली आहे. आमच्या रुग्णांना ती फार आधीपासून ठाऊक होती. त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवत नव्हते एवढेच.

असा रुग्ण आमच्याकडे येतो तो बहुधा प्लॅस्टिकची एक जाड पिशवी घेऊन. तिच्यात एमआरआय असतो. 'मणक्यात गॅप आहे', 'गादी सरकली आहे', 'हाडे झिजली' हे शब्द त्याला पाठ झालेले असतात, आणि आपली कंबर काचेच्या भांड्यासारखी आहे, जरा वाकलो की तडकेल, अशी त्याची पक्की समजूत झालेली असते. आमच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी या संदर्भात आम्हाला एक माहिती दिली, ती आम्ही मुद्दाम टिपून ठेवली. ज्यांना पाठीचा काहीही त्रास नाही अशा लोकांच्या मणक्यांची चित्रे तपासलेल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतील ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातील ९६ टक्के निरोगी लोकांच्या मणक्यांतील गाद्यांवर झिजेच्या खुणा आढळल्या. केस पांढरे व्हावेत तशीच ही झीज. तिचा अर्थ रुग्णाची वेदना खोटी आहे असा नव्हे. दुखणे खरेच असते. पण ते नेहमी त्या चित्रातल्या काळ्या डागातूनच येते असे नाही. दीर्घकाळ दुखत राहिले की मज्जासंस्था अधिक हळवी होते, जेथे धोका नाही तेथेही ती धोक्याची घंटा वाजवू लागते. माणूस हालचाल टाळतो, टाळल्याने स्नायू दुबळे व ताठर होतात, आणि मग साधे उठणे-बसणेही दुखू लागते.

या फेऱ्यातून बाहेर येण्यासाठी आम्ही ज्या व्यायामपद्धतीचा आधार घेतला तिचे नाव पिलाटिस. नाव परके आहे व शहरांतील महागड्या व्यायामशाळांच्या जाहिरातींमुळे ते काहीसे बदनामही आहे. त्यामागचा माणूस मात्र श्रीमंतांचा चोचला पुरविणारा नव्हता. जोसेफ पिलाटिस १८८३ साली जर्मनीत जन्मले. बालपणी ते आजारी असत. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते इंग्लंडमध्ये होते, आणि शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांना नजरकैदेत ठेवले गेले. त्यातला बराच काळ आयल ऑफ मॅन या बेटावर गेला. तेथे अंथरुणाला खिळलेल्या कैद्यांच्या खाटांना स्प्रिंग बांधून त्यांनी निजल्या निजल्या व्यायाम करविला, अशी हकीकत सांगितली जाते. १९२६ च्या सुमारास ते न्यूयॉर्कला गेले व पत्नी क्लारा यांच्यासह त्यांनी व्यायामशाळा चालविली. तेथे दुखापत झालेले नर्तक येत असत. आपल्या पद्धतीला ते 'कंट्रोलॉजी' म्हणत; त्यांचे नाव तिला पुढे चिकटले. १९६७ साली ते वारले. खाटेवरच्या रुग्णाची ती हकीकत आम्हाला, रुग्णालयवाल्यांना, अर्थातच जवळची वाटते.

त्यांचे मूळ व्यायाम मात्र आमच्या रुग्णांना झेपणारे नव्हेत, आणि हा धडा आम्ही फार महाग शिकलो. येथे आम्हाला आमची एक चूक सांगितली पाहिजे. पहिली तुकडी सुरू केली तेव्हा ती लवकर वाढावी, अहवालात चांगली दिसावी, अशी घाई आम्हालाच, म्हणजे प्रशासनाला, झाली होती. धडधाकट तरुणांना शिकविणाऱ्या एका प्रशिक्षकांना आम्ही बोलावले. दुसऱ्याच आठवड्यात पाठीवरून गोल लोळण्याचे आणि पाय अधांतरी धरून पोट आवळण्याचे प्रकार सुरू झाले. फिजिओथेरपिस्ट ताईंनी हरकत घेतली होती. आम्ही तिच्याकडे दुर्लक्ष केले. साठीच्या एका बाईंना तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवेना. त्यांची हाडे ठिसूळ होती व अशा रुग्णांनी पाठीला पुढे बाक देणारे जोरकस व्यायाम करू नयेत, ही साधी खबरदारी वर्गात प्रवेश देताना कोणी पाहिली नव्हती. सुदैवाने मणका मोडला नव्हता. त्यांचे यजमान आमच्या कार्यालयात आले आणि एवढेच म्हणाले, "साहेब, दुखत होतं तरी ती चालत आली होती." आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही उपचाराचा खर्च रुग्णालयाकडे घेतला, क्षमा मागितली. त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. तुकडीतील निम्म्याहून अधिक मंडळीही गळाली.

त्यानंतर वर्ग बंद करून पुन्हा पहिल्यापासून उभारला तो सर्वस्वी फिजिओथेरपिस्ट ताईंच्या हाती. आता डॉक्टरांनी तपासल्याशिवाय कोणालाही चटईवर घेत नाहीत. लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, पायातील शक्ती दिवसेंदिवस कमी होणे, ताप, कारण नसता वजन घटणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे, नुकतेच पडणे, यांपैकी काही असेल तर तो रुग्ण व्यायामाचा नव्हे, तातडीच्या तपासणीचा. घरच्या मंडळींनी ही यादी विशेष ध्यानात ठेवावी, अशी विनंती आहे.

वर्गात प्रत्यक्ष काय चालते? सुरुवात श्वासाने होते. रुग्ण पाठीवर निजतो, गुडघे दुमडलेले, डोक्याखाली घडी घातलेला टॉवेल. दोन्ही हात बरगड्यांवर ठेवून श्वास घेताना त्या बाजूला फुलतात का, हे तो पाहतो. कित्येकांनी दुखण्याच्या भीतीने श्वासही वर्षानुवर्षे अर्धाच घेतलेला असतो. मग कंबर जमिनीला हलकेच टेकवायची आणि सोडायची. घड्याळाच्या लंबकाइतकी हालचाल. मग एक टाच जमिनीवरून सरकवत पाय लांब करायचा व परत आणायचा. कुशीवर वळून, पावले जुळलेली ठेवून वरचा गुडघा शिंपला उघडावा तसा उघडायचा. पुढे, जमेल त्याने नितंब उचलून पूल करायचा. ज्यांना जमिनीवर बसता-उठता येत नाही त्यांच्यासाठी हेच प्रकार खुर्चीवर किंवा भिंतीला पाठ लावून. ताईंचा आग्रह असा की जोर लावायचा तो पूर्ण शक्तीच्या चौथाई-तिसऱ्या हिश्शाएवढाच. आमच्या कामगारांना हेच सर्वांत अवघड जाते. घाम गाळल्याशिवाय काम झाले असे त्यांना वाटतच नाही.

पोटाच्या आतील स्नायूंविषयी एक खुलासा. हात हलण्यापूर्वी पोटाचा सर्वांत आतला स्नायू कंबरेला आधार देण्यासाठी आकुंचन पावतो, आणि कंबरदुखी असलेल्यांत तो उशिरा जागा होतो, असे १९९६ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखविले. त्यावरून जगभर पोट आवळून ठेवण्याची लाट आली. पुढील संशोधनात असे दिसले की दुखणे कमी होते ते नेमका तोच स्नायू सुधारल्यामुळे, असे म्हणता येत नाही. आमचे बहुतेक रुग्ण तर आधीच दिवसभर अंग आवळून वावरत असतात. म्हणून वर्गात आवळण्याइतकेच सोडायला शिकवतात.

दुसरी गोष्ट मात्रेची. बरे वाटले त्या दिवशी साठलेली सारी धुणीभांडी उरकायची आणि पुढचे दोन दिवस निजून काढायचे, हा आमच्या भगिनींचा ठरलेला क्रम. ताई वेगळे सांगतात. वाईट दिवशीही जेवढे जमेल तेवढ्यापासून प्रारंभ करावा, चांगल्या दिवशी तेवढेच करावे, आणि आठवड्याने थोडेसे वाढवावे. व्यायामानंतर थोडे ठणकले तर भ्यायचे नाही. दुसऱ्या दिवशीपर्यंत ते पूर्ववत झाले नाही तर पुढच्या वेळी मात्रा कमी करायची. उधारी फेडावी तसे हे आहे. एकदम मोठा हप्ता भरणारा पुढच्या महिन्यात हप्ता चुकवतो, हे आम्ही लेखा विभागात नित्य पाहतो.

आता आपल्यापैकी अनेकांच्या मनातील प्रश्न. घरचा योग असताना हे परदेशी कशाला? प्रश्न रास्त आहे. मार्जारासन, सेतुबंधासन यांच्याशी या प्रकारांचे साम्य उघड दिसते. कंबरदुखीवरील पिलाटिसच्या १० चाचण्यांचा, ५१० रुग्णांचा, कॉक्रेन या संस्थेचा आढावा २०१५ साली आला. काहीच न करणाऱ्यांपेक्षा किंवा नाममात्र उपचार घेणाऱ्यांपेक्षा पिलाटिस करणाऱ्यांची वेदना व असमर्थता कमी झाली. पण इतर व्यायामांहून हा व्यायाम श्रेष्ठ आहे, असे निश्चितपणे म्हणण्याजोगा पुरावा त्यात मिळाला नाही. म्हणजे योग, चालणे, पोहणे, जे आवडीने व नेमाने होईल ते करावे. आमच्या ताईंचे शिक्षण या पद्धतीत झाले आहे आणि तिच्यातील पायऱ्या फार लहान करता येतात, म्हणून ही पद्धत. ज्यांचा योगवर्ग उत्तम चालू आहे त्यांनी तो सोडून येथे येऊ नये.

यानंतरचे वाक्य बोलताना आम्हाला थोडा संकोच वाटतो. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांच्या जुनाट कंबरदुखीविषयी, म्हणजे जिचे विशिष्ट कारण सापडत नाही अशा कंबरदुखीविषयी, मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. तिच्यात रुग्णाला समजावून सांगणे व पद्धतशीर व्यायाम यांची शिफारस आहे. ट्रॅक्शन आणि कमरेचे पट्टे मात्र नित्याच्या उपचारात वापरू नयेत, असे म्हटले आहे. आमच्या फिजिओथेरपी विभागातील ट्रॅक्शनची खाट एका दात्या कुटुंबाने आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ दिली आहे. तिच्यावर त्यांच्या नावाची पितळी पाटी आहे आणि ते कुटुंब आज या सभागृहात उपस्थित आहे. शिवाय प्रत्येक ट्रॅक्शनमागे रुग्णालयाला शुल्क मिळते, चटईवरच्या वर्गातून जवळजवळ काही मिळत नाही. खाट वापरली तर जमेची बाजू भरते. वर्ग चालविला तर खर्चाची. कंबरदुखीच्या ज्या रुग्णांना ट्रॅक्शनची चिठ्ठी पूर्वी सरसकट दिली जात असे, ती आता डॉक्टर देत नाहीत. त्यामुळे विभागाचे उत्पन्न घटले आहे व ते ताळेबंदात आपल्याला दिसेल. ही घट आमच्या संमतीने झालेली आहे. त्या दात्या कुटुंबाकडे आम्ही स्वतः गेलो होतो. थोरल्या बंधूंनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, "मग बाबांच्या नावाचं काय?" ती पाटी सभागृहाच्या दारावर लावावी, असा आमचा प्रस्ताव आहे. त्यांनी विचार करून कळवतो म्हटले आहे. आम्ही घाई केलेली नाही.

याच सुमारास एका सद्गृहस्थांनी पिलाटिसचे स्प्रिंग लावलेले मोठे यंत्र भेट देण्याची तयारी दर्शविली. त्यांच्या औदार्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण त्या यंत्रावर एका वेळी एकच रुग्ण बसतो, आणि घरी गेल्यावर त्याच्याकडे चटईच असते. आम्ही त्यांना विनंती केली की ती रक्कम वर्गासाठी सहायक फिजिओथेरपिस्टच्या मानधनाला द्यावी. मानधनावर नावाची पाटी लावता येत नाही, हे आम्हाला कळते. त्यांनी ते मान्य केले, याची नोंद येथे कृतज्ञतापूर्वक करतो.

आता त्या रकान्याविषयी. कांडीवर काम करणाऱ्या एका बाईंची सहा वर्षांची कंबरदुखी. इंजेक्शने, पट्टे, मालिश, एका दर्ग्याचा ताईत, सारे झाले होते. वर्गाला त्या पाच महिने आल्या. पाच महिन्यांनी आम्ही नोंदवहीसाठी विचारले, "दुखणं गेलं का?" त्या म्हणाल्या, "नाही साहेब, हाय की." आम्ही 'बरे झाले' समोर फुली मारणार, तोच ताईंनी त्यांचे पहिल्या दिवशीचे पत्रक पुढे केले. पहिल्या दिवशी प्रत्येकाला विचारतात, दुखण्यामुळे कोणती गोष्ट करता येत नाही, आणि ती किती जमते त्याला शून्य ते दहा गुण द्यायला सांगतात. बाईंनी लिहविले होते : धाकट्याला उचलून घेणे, शून्य. आता ते मूल थोडे मोठे झाले होते, अधिक जड झाले होते, आणि बाईंनी सात गुण दिले होते. दुखणे आणि हे सात गुण, दोन्ही खरे. आमच्या तक्त्यात मात्र एकालाच जागा होती.

तेव्हापासून वर्गाच्या नोंदवहीत 'बरे झाले' हा रकाना नाही. त्याजागी रुग्णाने स्वतः सांगितलेली गोष्ट लिहितात. ओट्यापाशी भाकरी होईपर्यंत उभे राहणे. एसटीने कोल्हापूरपर्यंत बसून जाणे. देवळात मांडी घालणे. एका निवृत्त जॉबरांनी लिहविले, 'रात्री कूस बदलताना जाग न येणे.' काहींचे गुण वाढलेले नाहीत, काही मध्येच सोडून गेले; त्यांचीही पाने वहीत आहेत. या साऱ्याची बेरीज कशी करावी हे आम्हाला कळत नाही, आणि बेरीज होत नाही म्हणून ती रचून छापणे आम्हाला मंजूर नाही. विश्वस्तांपैकी कोणास अधिक योग्य पद्धत सुचत असेल तर आम्ही आभारी राहू.

घरच्या मंडळींना दोन शब्द. सर्वाधिक गळती होते ती दुखणे वाढल्यामुळे नव्हे. "दुपारी तिकडं जाऊन निजायचं, आणि इथं कामं तशीच" हे वाक्य सुनेने, सासूने, यजमानांनी उच्चारले की पुढच्या आठवड्यात ती चटई रिकामी दिसते. दुसऱ्या टोकाला अशीही मुले आहेत की जी आईला पाण्याचा तांब्याही उचलू देत नाहीत. तीही माया नडते. वाकणे हे कंबरेचे काम आहे. ते तिला पुन्हा करू द्यावे, हळूहळू.

वर्ग मंगळवारी व शुक्रवारी दुपारी तीन वाजता भरतो. तुकडी लहान ठेवावी लागते, म्हणून नाव आधी बाह्यरुग्ण विभागात नोंदवावे. सवलतीच्या रुग्णांना शुल्क नाही. वापरलेली पण स्वच्छ सतरंजी, जाड टॉवेल, हात नसलेल्या भक्कम खुर्च्या कोणास द्यावयाच्या असतील तर त्या हव्या आहेत. उशा पुरेशा आहेत. सभागृहात भिंतीलगत एक बाक ठेवला आहे, तेथे रुग्णाबरोबर आलेल्यांनी अवश्य बसावे. पहिल्या तुकडीतील त्या बाईंचे यजमान गेल्या महिन्यात एकदा येऊन त्या बाकावर तासभर बसून गेले, असे आम्हाला शिपायाने सांगितले. ते काही बोलले नाहीत.

यानंतर कोषाध्यक्ष ताळेबंदाचे वाचन करतील.